उलटा राग फणसात

क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं की मी एकच सूत्र सांगतो. प्रत्येक क्लूमध्ये उत्तर दोनदा दिलेलं असतं. एका टोकाला सरळ अर्थ असतो, आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरं जुळवून कसं बनवायचं याची कृती. अर्थ कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, हे मात्र कुणी सांगत नाही. गंमत सगळी तिथेच! कारण वाचताना तिसराच अर्थ डोळ्यांपुढे नाचत असतो.

उदाहरणार्थ, इंग्रजी कोड्यात 'फ्लॉवर' दिसलं तर फुलं शोधत बसू नका. जी 'फ्लो' होते ती, म्हणजे नदी. 'ड्रंक', 'कन्फ्यूज्ड' असले शब्द आले की शेजारची अक्षरं ढवळायची. 'लिसन' ढवळलं की 'सायलेंट' निघतं.

हे वेड मला बेंगळुरूच्या पहिल्या नोकरीत लागलं. शेजारच्या क्युबिकलमधला तमिळ सहकारी जेवणाच्या सुट्टीत 'द हिंदू'चं कोडं घेऊन बसायचा. उत्तर आलं तरी तो लिहू द्यायचा नाही. "का, ते सांग!" प्रत्येक शब्दाचा हिशोब लागला पाहिजे, एकही शब्द उगीच उरता कामा नये. आमचे कोड रिव्ह्यू इतके कडक असते तर निम्मे बग आलेच नसते :-)

हा हट्ट काही त्याचा एकट्याचा नाही. क्रॉसवर्ड जन्मलं १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये, पण त्याला हे वाकडं वळण दिलं ब्रिटिशांनी. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून 'टोर्केमाडा' आणि १९३९ पासून 'झिमेनीज' कोडी घालत. दोन्ही टोपणनावं स्पेनच्या धर्मन्यायालयातल्या बड्या अधिकाऱ्यांची, म्हणजे छळाची कबुली आधीच दिलेली! पण छळालाही नियम हवेत. 'आफ्रिट' नावाच्या कोडेकाराने १९४९ मध्ये एक नियम मांडला आणि झिमेनीजने १९६६ च्या आपल्या पुस्तकात ही शिस्त पक्की केली. नियमाचा आशय असा: मनातलं सरळ सांगायचं बंधन तुमच्यावर नाही, पण जे शब्द लिहाल ते नीट वाचले तर त्यातून उत्तर निघालंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका.

आता बाबांकडे वळतो. बाबा निवृत्त झाल्यापासून रविवारच्या पुरवणीतलं मराठी शब्दकोडं सोडवतात. तिथे सगळा समानार्थी शब्दांचा कारभार. आमचा फोन म्हणजे "जेवलास?" "हो." "पाऊस?" "नाही." संपलं. मग एका शनिवारी मी त्यांना विचारलं, "उलटा राग फणसात सापडतो, दोन अक्षरं."

बराच वेळ शांतता. मग, "गरा! अरे, हा काय चावटपणा?"

पुढच्या शनिवारी त्यांची दोन तयार होती. "उलटी वाहिली नदी, झाला गरीब (२)", म्हणजे दीन. आणि "साप आणि महापूर, संत्र्यांचं शहर (४)". हे तुम्ही सोडवालच. कोट्या करणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती, अत्रे आणि पुलंच्या भाषेत ती असणार कशी?

पण मराठीत रचायला बसलं की अडचणी कळतात. 'समाज'मध्ये 'माज' आयता दडलेला आहे, पण 'समाजात दडलेली मस्ती' म्हटलं की 'ज'चा 'जा' झाला, माज गेला! प्रत्यय लागला की आपला शब्दच बदलतो. त्यामुळे 'समाज, शेवटी मस्तीच (२)' असं काहीतरी करावं लागतं. इंग्रजीवाल्यांना ही भानगड नाही.

खरं भांडण पेटवलं आईने. स्वयंपाकघरातून ओरडली, "बिथरला नवरा, झाला माकड (३)!"

उत्तर वानर. बाबा खवळले. चौकटीत अख्खं अक्षर जातं, 'रा'चा काना 'व'ला कसा लावणार? आईचं म्हणणं, "न, व, र आणि एक काना. मोजून घ्या." तीन शनिवार हा खटला चालला. माझ्या मते नियमाने बाबा बरोबर, पण क्लू आईचाच सरस. काना सुटा धरायचा तर तसं आधी ठरवायला हवं, एवढंच.

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी ठरली. आदल्या दिवशी मला निघता येत नव्हतं, एक रिलीज अडकलं होतं. "काही नाही रे, हल्ली सगळ्यांची होते. काम सोडून येऊ नकोस," ते म्हणाले. घाबरलात का, हे मला विचारता आलं नाही. आमच्या घरात असं विचारत नाहीत. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "हे घे एक. भीमाच्या डोक्यामागे ती, म्हणून धडकी. दोन अक्षरं."

भीमाचं डोकं 'भी', त्यामागे 'ती'. सरळ अर्थ: धडकी. एकही शब्द उरत नव्हता.

मॅनेजरला मेल टाकली आणि रात्रीची बस पकडली. सकाळी मला दारात बघून बाबा एवढंच म्हणाले, "सुटलं वाटतं."

सगळं व्यवस्थित पार पडलं. आता पथ्य आहे, चालणं आहे, आणि शनिवारचा फोन पाऊण तास चालतो. काल आलेलं तुमच्यासाठी देतो: 'डझनभर अकलेचं पुणे जिल्ह्यातलं शहर (४)'.

नुसतं उत्तर नको. का, ते सांगा.