धुक्यातला किबला

उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दिवस होते. खाली परतवाड्यात ऊन अंग भाजत होतं. घाट चढून चिखलदऱ्यात आलो तर अंगात हुडहुडी. चहाच्या टपरीवरची कोरकू बाई म्हणाली, "भाऊ, आज धुकं येईन. गडावर जास्त थांबू नका." मी मोबाइल दाखवला, "यात तर ऊन आहे." बाई हसली. अम्मी गप्प राहिली.

गाविलगडावर तासाभरातच सगळं पांढरं झालं. मागून येणारी अम्मी दिसेना. रेंज नाही. कडा कुठल्या बाजूला, तेही कळेना. "अम्मी!" हाक मारताना आवाज फाटला.

"इधरीच बैठी हूं, बेटा."

जुन्या मशिदीच्या भिंतीला टेकून ती बसली होती. असरची वेळ झाली होती, सूर्याचा पत्ता नव्हता. पण मेहराब समोर होती. कुण्या अनामिक गवंड्याने कित्येक शतकांपूर्वी आमच्यासाठी पश्चिम दाखवून ठेवली होती. अम्मीने तिकडे तोंड करून दुआसाठी हात उचलले. मीही उचलले.

धुकं विरळ झाल्यावर तिचा हात धरून उतरलो. टपरीवर मी कबूल केलं, "ताई, तुमचं ऐकायला हवं होतं."

तिने काही न बोलता अम्मीपुढे पहिला कप ठेवला.

वर्गात मी मुलांना रोज सांगतो, माहीतगाराला विचारत जा. यंदा ते सांगताना जीभ जरा अडखळेल.