खोललीच आहे तर

आमच्या गाडीच्या कामाचा पहिला अंदाज मी दिनदर्शिकेच्या एका पानामागे लिहिला होता : १,८०,००० रुपये. हा आकडा काढताना मी गाडीखाली एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. शेवटी ३,८०,००० झाले. मधल्या दोन लाखांतला बराचसा भाग गंजाचा आणि थोडा माझ्या उतावळेपणाचा.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. कोल्हापुरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून या जातीची गाडी १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडली आणि १९७४मध्ये पद्मिनी झाली, तोवर लोकांच्या तोंडात जुनं नाव बसलं होतं. वडिलांनी आमची गाडी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ते २०१६मध्ये गेले आणि गाडी शाहूपुरीतल्या घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली. २०१९च्या ऑगस्टात पुराचं पाणी तिच्या सीटपर्यंत चढलं. २०२१च्या जुलैत पुन्हा चाकं बुडाली. दुसऱ्या पुरानंतर भंगारवाला दारात आला आणि त्याने वजनावर भाव सांगितला. आई आतूनच म्हणाली, “विकायची तर चालू करून विक. वजनावर नको.”

२०२२च्या फेब्रुवारीत गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तीस हजार आगाऊ घेऊन त्यांनी आठवड्यात सगळी मोकळी केली : दारं, काचा, सीट, लोखंडी जाळी, दिवे. मग गाडी मागच्या भिंतीला लावली. आठ महिने मी दर शनिवारी जायचो आणि दर शनिवारी ‘पुढच्या आठवड्यात पत्र्याला हात घालू’ ऐकून परत यायचो. शेवटी टोइंगवाला आणून सांगाडा उचलला. तीसपैकी बारा हजार परत मिळाले. अठरा हजार बुडाले, ते या हिशोबात धरलेले नाहीत. पैशांपेक्षा जास्त झोंबलं ते सामान. पुढच्या दाराची त्रिकोणी काच, तिचा खटका, डिकीवरची अक्षरं आणि कितीतरी स्क्रू कुठल्या कुठे गेले होते. मी एकही फोटो काढून ठेवला नव्हता. एक यादीसुद्धा नव्हती.

दुसरे मिस्त्री भेटले ते शिवाजी उद्यमनगरात. वय सत्तरच्या आसपास, टॅक्सीच्या जमान्यातली दहा वर्षं त्यांनी मुंबईत काढलेली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत आणि दाराखाली जॅक लावला. दांडा फिरवला तसा जॅक वर गेला, गाडी मात्र जागची हलली नाही. जॅक पत्र्याच्या आत घुसला होता.

“सर, हिला चासी न्हाई,” ते म्हणाले. “पत्राच गाडीला धरून असतोय.”

माझा अंदाज तिथेच मोडला. जीपसारख्या गाडीला खाली वेगळी चौकट असते. वरचा पत्रा सडला तरी ती तग धरते. पद्मिनीत मात्र तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या आणि खांब मिळूनच गाडी उभी असते. त्या पेट्यांत दोन पुरांचा गाळ बसला होता. मी ‘रंग’ म्हणून साठ हजार धरले होते. खरं काम रंगाच्या आधीचं निघालं : सडका पत्रा कापायचा, जाड पत्रा वाकवून नव्या पेट्या करायच्या, आणि वेल्डिंग चालू असताना दारांच्या फटी बिघडणार नाहीत म्हणून गाडी आतून आडवे पाइप टाकून बांधून ठेवायची. नुसतं यालाच अडीच महिने लागले.

या वेळी मी शहाणा झालो होतो. किराणा दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या. निघेल तो प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा आणि तारीख. मोबाइलमध्ये चारशेवर फोटो झाले. मिस्त्रींची पोरं हसायची. पुढे वायरिंग जोडताना तीच पोरं माझ्याकडे फोटो मागायची.

मग ते वाक्य सुरू झालं. पुढचं सस्पेन्शन उतरवलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं : “खोललीच हाय तर किंगपिनबी बघून टाकूया की.” किंगपिन झिजले होते, वर्षानुवर्षं ग्रीस मारलेलं नव्हतं. ते बदलले. गिअरबॉक्स खाली आला तसं, खोललीच आहे तर क्लच प्लेट. क्लच काढला तसं, खोललीच आहे तर मागचं ऑइल सील. हे वाक्य खोटं नसतं, हीच त्याची अडचण. पाचशेच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरीच दहापट. पण प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलं की खर्चाला तळ राहत नाही. शेवटी आम्ही दोघांनी एक नियम ठरवला. जो भाग परत काढायला अख्खी गाडी उघडावी लागेल, तो आताच बदलायचा; जो बाहेरून दोन पान्यांत निघतो, तो चालतोय तोवर चालवायचा. या नियमानेच पुढे पन्नासेक हजार वाचले असतील.

इंजिन पुराच्या पाण्याने जाम झालं होतं. प्लगच्या भोकांतून ऑइल आणि डिझेल सोडून ठेवलं, पाचव्या दिवशी क्रँक हलला. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं यंत्र ते. उद्यमनगरात असण्याचा फायदा इथे कळला. बोअर करणारा एका गल्लीत, क्रँक घासणारा दुसऱ्या, हेडला पॉलिश मारणारा तिसऱ्या गल्लीत. ब्लॉक रिक्षात घालून मी स्वतः फिरलो. ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा. व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवल्या, कारण हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं आणि ते पेट्रोल देशात २००० सालीच बंद झालं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं; म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप आणि पंपाचा पडदा, दोन्ही इथेनॉल सोसणारे घातले.

तोवर घरात ‘गाडी नव्या काळाची करायची का’ यावर चर्चा रंगली होती. मुलाला एसी हवा होता. मेव्हण्यांनी इंजिनच बदलून मारुतीचं टाका असं सुचवलं : पाच गिअर मिळतील, ॲव्हरेज वाढेल. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे : नव्याने २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. इंजिन बदललं की तो दरवाजा बंद. आमची गाडी २०२८ला पन्नाशीची होईल. पण नियम पुढे वाचला तेव्हा दिसलं की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नसते. ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला. आईला लक्ष्मीपुरीच्या बाजाराला आणि जोतिबाला जायचं होतं. म्हणून व्हिंटेजचा नाद सोडला, साधी नोंदणी ठेवली आणि इंजिनही मूळचंच ठेवलं.

एसीचा निर्णय मिस्त्रींनी दिला. चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनावर कॉम्प्रेसर टाकला तर पन्हाळ्याच्या चढाला गाडी तापणार. “तिकोनी काच उघडा, वारं येतंय,” ते म्हणाले. मग नवं काय करायचं, यावर त्यांनी एकच कसोटी सांगितली : “आधी थांबली पायजे, मग पळली पायजे.” त्यांनी ब्रेक दाखवले. चारही चाकांना एकच तेलाची वाट. कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की पेडल तळाला आणि गाडीला ब्रेकच नाही. याच ब्रेकवर वडील आम्हा तिघांना घेऊन आंबा घाट उतरत होते. दोन वेगळ्या वाटा असलेला मास्टर सिलिंडर बसवला, म्हणजे एक गेली तरी दुसरी शिल्लक. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, त्यामुळे सिग्नलला उभं असताना दिवे मंदावत नाहीत. हेडलाइटला हॅलोजन बल्ब आणि रिले. एवढंच नवं. आणि पुढच्या दोन सीटांना पट्टे, कारण आमच्या गाडीला ते नव्हतेच.

या पट्ट्यांनीच मला शिक्षा केली. २०२३ची गणेश चतुर्थी जवळ आली होती, गाडी सणाला दारात हवी म्हणून मी घाई करून रंग मारून घेतला होता. पीयू रंग, आरसीवर आहे तोच पांढरा, म्हणजे नोंदीची भानगड नको. मग पट्ट्यांची आठवण झाली. पट्टा नुसत्या पत्र्याला बोल्ट करून चालत नाही, झटक्यात पत्राच फाटेल. खांबाच्या आत जाड पट्टी वेल्ड करावी लागते. वेल्डिंगने दोन्ही खांबांवरचा नवाकोरा रंग फुगला. खांब, छताची कड आणि दारांच्या चौकटी पुन्हा रंगवायला अकरा हजार गेले. गणपती तर रिक्षातूनच आले.

सुट्या भागांसाठी पुण्याला नाना पेठेत चार खेपा आणि मुंबईला कुर्ल्यात दोन. यांत्रिक सामान अजून मिळतं, कारण मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या. पण शेवटची नोंदलेली टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची, टॅक्सीची मर्यादा वीस वर्षं. ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. नोव्हेंबरात मी कुर्ल्याला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, आहे तो माल विकतोय, नवा भरत नाही. ब्रेकचे वॉशर आणि वॉटर पंपाचा संच मी दोन-दोन घेऊन ठेवले. त्रिकोणी काच मात्र तिथेही नव्हती. ती काचवाल्याकडून नमुन्यावरून कापून घेतली.

वहीतला हिशोब असा : पत्राकाम आणि रंग १,३८,०००, इंजिन-गिअरबॉक्स ५७,०००, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक ४६,०००, वायरिंग, अल्टरनेटर, दिवे २७,०००, कुशन, छत, रबर, काचा ५२,०००, क्रोम १९,०००, टायर आणि बॅटरी २४,०००, कागदपत्रं, टोइंग, किरकोळ १७,०००. यातल्या क्रोम-कुशनच्या ७१ हजारांकडे बघताना अजून जीव चुटपुटतो. ते वर्षभर थांबू शकलं असतं. ब्रेकचं काम थांबू शकलं नसतं, आणि माझ्या पहिल्या अंदाजात ब्रेकसाठी आठ हजार होते.

कुणी विचारलं तर मी आता तीन गोष्टी सांगतो. अंदाज मागण्याआधी गाडी उचलून तळ बघा. सगळी वेल्डिंगची कामं, पट्ट्यांची सुद्धा, रंगाआधी उरकून घ्या. आणि पैसे गॅरेजला एकगठ्ठा न देता कामाच्या टप्प्यागणिक द्या, दर टप्प्याला फोटो मागून.

कागदपत्रांना दोन महिने गेले. गाडी वारस म्हणून आईच्या नावावर झाली. नोंदणीचं नूतनीकरण २०२२पर्यंत सहाशेत व्हायचं, आम्हाला पाच हजार पडले. वर पर्यावरण कर. आरटीओतल्या निरीक्षकाने ब्रेकची चाचणी घेतली, चासी नंबर कागदावर उतरवून घेतला आणि मग त्रिकोणी काच दोनदा उघडून मिटली.

२०२४च्या फेब्रुवारीत पन्हाळ्याला गेलो. आई पुढे, तिच्या मालकीच्या गाडीत, पट्टा लावून, मागे मिस्त्री. चढाला दुसरा गिअर, तापमानाचा काटा मध्यावर. उतरताना एका वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मी पेडल दाबलं, गाडी सरळ थांबली. आईने फक्त पदर सारखा केला.

घरी येऊन इंजिन बंद करणार, तेवढ्यात मिस्त्री उतरून पुढे आले आणि मान तिरकी करून ऐकत उभे राहिले.

“सर, टॅपेट जरासं वाजतंय. झाकण खोलून बघू?”

मी बॉनेटवर हात ठेवला. म्हटलं, “मामा, आधी चहा घ्या. आज काही खोलायचं नाही.”