अण्णांनी लिहिलेली दोन पानं

अण्णांचं आडनाव आणि गाव मी इथे देत नाही. ते अजून तुरुंगात आहेत आणि त्यांना ते आवडणार नाही. दादाच्या बराकीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. शाळा सातवीपर्यंतची. जन्मठेप भोगताना इतर बंद्यांचे निकाल वाचून, त्यांच्या नकला उतरवून ते अर्ज लिहायला शिकले. आमच्या घरावरचे त्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

आईच्या ऑपरेशनसाठी दादाला पॅरोल मिळाला होता. कागदोपत्री त्याला अभिवचन रजा म्हणतात. 1959 च्या फर्लो-पॅरोल नियमांप्रमाणे जामीनदार द्यायचा, नेमून दिलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. दादाने एकही हजेरी चुकवली नव्हती. तरी एका सकाळी पोलीस दारात आले आणि रजा रद्द झाली म्हणून त्याला घेऊन गेले. आदेशात एवढंच, की साक्षीदाराला धमकावल्याची तक्रार आली आहे, सबब रजा रद्द. तक्रार कोणाची, कधीची, काही नाही. वर माफी कापली, म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत मिळालेली सूट गेली, आणि बंद्याला पकडून आणावं लागलं असा शेराही पडला.

आमचे वकील म्हणाले, रजेचे दिवस तर गेलेच, आता भांडून काय मिळणार? अण्णांना हे पटलं नाही. शेरा राहिला तर पुढची प्रत्येक रजा अडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दादाला समोर बसवून ते विचारू लागले. तक्रार कोणी केली, हे तुला सांगितलं? त्या दिवशी तू कुठे होतास, हे कोणी विचारलं? तुझं म्हणणं कोणी लिहून घेतलं? तिन्ही वेळा दादाचं उत्तर नाही असंच होतं. मग त्यांनी हायकोर्टाच्या नावे अर्ज लिहिला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. रेघांच्या फुलस्केपची दोन पानं, निळं बॉलपेन, डावीकडे चार बोटं समास. एका ठिकाणी ‘घोर अन्याय’ असं लिहून ते एकाच आडव्या रेघेने खोडलंय, शेजारी दादाची छोटी सही घेतलीय आणि वर लिहिलंय, ‘म्हणणे मांडू न देता’. खाली तुरुंगाचा जावक क्रमांक. तो कागद हातात घेतला की मला अजून भरून येतं.

हायकोर्टाने त्या अर्जालाच रिट याचिका मानलं आणि विधी सेवेतून वकील दिला. रजा रद्द करण्याचा आदेश टिकला नाही. दादाला बाजू मांडू दिली नव्हती, एवढंच कारण पुरलं. माफी परत मिळाली, शेरा निघाला. ऑपरेशनच्या वेळी आईजवळ तो नव्हता, ते मात्र भरून निघालं नाही.

मी अण्णांना मोबदला विचारला. ‘ताई, निकालाची अख्खी प्रत पाठवा, बराकीत ठेवतो,’ एवढंच त्यांनी मागितलं.

मी वकिलीकडे वळले ती या सगळ्यामुळेच. अभ्यासात ‘मॉरिसी विरुद्ध ब्रूअर’ हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 29 जून 1972 चा निकाल वाचला. आयोवाचा जॉन मॉरिसी खोट्या चेकच्या गुन्ह्यात आत गेला, जून 1968 मध्ये पॅरोलवर सुटला. सात महिन्यांनी पकडला गेला. दुसऱ्याच नावाने गाडी घेतली, राहण्याचा पत्ता कळवला नाही, असे आरोप. आठवडाभरात नुसत्या लेखी अहवालावर पॅरोल रद्द झाला आणि त्याला घरापासून सुमारे शंभर मैलांवरच्या तुरुंगात परत पाठवलं. सरन्यायाधीश बर्गर यांच्या निकालाने सरकारला सांगितलं, की आरोप लेखी कळवा, पुरावा दाखवा, त्याचं ऐकून घ्या, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या (तसं न करण्याला सबळ कारण असेल तर गोष्ट वेगळी), निर्णय तटस्थ लोकांनी द्यावा आणि कारणं लिहून द्यावीत. वाचताना मला अण्णांचाच आवाज ऐकू येत होता, आणि अण्णांनी तर मॉरिसीचं नावही ऐकलेलं नव्हतं. मॉरिसीला कोर्टाने लगेच सोडलं नाही. प्रकरण खाली पाठवलं. उल्लंघन त्याने आधीच कबूल केलेलं असेल आणि ते पॅरोल रद्द करण्याजोगं असेल, तर त्याच्यापुरता विषय संपणार होता.

8 मे 2020 ला महाराष्ट्राने त्याच फर्लो-पॅरोल नियमांतल्या नियम 19 मध्ये दुरुस्ती करून करोनाकाळासाठी तातडीचा पॅरोल आणला. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांना अट होती, की आधीच्या दोन रजांवरून वेळेत परतलेलं असावं. शेरा निघालेला होता म्हणून दादा त्यात बसला. 45 दिवसांसाठी घरी आला आणि पुढे मुदत वाढत गेली. अण्णा बसले नाहीत. फार पूर्वी बायकोच्या तेराव्यापर्यंत थांबल्यामुळे ते रजेवरून उशिरा परतले होते. त्यानंतर त्यांना रजाच मिळाली नाही. तेव्हा त्यांना स्वतःला अर्ज लिहिता येत नव्हता, आणि लिहून देणारं दुसरं कोणी बराकीत नव्हतं.

अण्णांच्या त्या उशिराच्या शेऱ्याविरुद्धची याचिका आता मी तयार करते आहे. वकीलपत्रावर त्यांची सही आली आहे. तेव्हा त्यांना उशिराचं कारण कोणी विचारलं होतं का, हे तुरुंगाच्या जुन्या नोंदींतून काढायचं आहे. त्या मिळाल्या की दाखल करीन.