दोन मुठी ध्रुव

छिंदवाड्याची गाडी आता रुंद रुळांवरून नागपूरच्या इतवारीत येते. 2015 पर्यंत याच मार्गावर अडीच फुटी रुळांची छोटी गाडी धावत होती. स्टेशनाच्या पाटीवर हल्ली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला ‘इतवारी टेशन’ एवढंच सांगितलं तरी पुरतं.

मस्कासाथेत शिरलं की किराण्याचा वास येतो आणि पुढे सराफ्याचे दिवे दिसू लागतात. देवगडच्या बख्त बुलंदशहाने 1702 च्या सुमारास वसवलेल्या या शहराला भोसल्यांच्या काळात राजधानीचं वैभव आलं. राजवाडा महाल भागात, व्यापार इतवारीत. ज्या वारी बाजार भरे, त्या वाराने वस्ती ओळखली जाई. म्हणून इतवारीच्या आसपास मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आहेत. बाबांनी मला ग्रह शिकवले ते याच वस्त्यांच्या आधाराने. शाळेत जाताना बुध आणि शुक्र वाटेतच लागत, त्यामुळे ते कधी विसरले नाहीत.

आमची गच्ची एका गल्लीत होती. दोन्ही अंगांना उंच घरं आणि मधे आभाळाची लांबट पट्टी. संध्याकाळी दुकानांच्या उजेडात काहीच दिसत नसे, पण वीज गेली की अख्खी पेठ हळहळे आणि बाबा सतरंजी उचलत. माघातल्या रात्री नवाच्या सुमारास मृग नक्षत्र डोक्याच्या दक्षिणेला येई. त्याच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध सापडे आणि त्याच्याही खाली, छपरांना टेकल्यासारखा अगस्ती. तो शोधायला आम्ही पाण्याच्या टाकीवर चढायचो. आई खालून ओरडायची.

पण बाबांचं खरं प्रेम ध्रुवावर. उत्तरेला, कोराडीच्या बाजूला तोंड करून ते म्हणत, “हात लांब कर, मूठ आवळ. आता आभाळ जिथं टेकते तिथून मोज.” हातभर अंतरावरची मूठ साधारण दहा अंश आभाळ झाकते. ध्रुव दोन मुठींच्या किंचित वर असे, कारण ध्रुव जितके अंश वर दिसतो तितकाच त्या जागेचा अक्षांश असतो आणि नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे. मी विचारलं होतं, तुमची मूठ मोठी, माझी लहान, मग माप सारखं कसं? “मूठ लहान तसा हातही लहानच ना! पाह्य, दोघांचंही दोनच भरते.” मूठ आणि हात यांचं प्रमाण माणसागणिक फारसं बदलत नाही. मला पटलेलं भूमितीचं पहिलं सत्य ते.

यावेळी मुद्दाम शून्य मैलाच्या दगडापाशी गेलो. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची 1907 सालची खूण तिथे आहे. हे सर्वेक्षण 1802 मध्ये मद्रासजवळून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन माथ्यावर येणारे तारे मोजून आपण नेमके कोणत्या अक्षांशावर आहोत ते काढत असे. हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्याकडे भलीमोठी यंत्रं होती, बाबांकडे मूठ होती. दोघांचा प्रश्न एकच, आणि बाबांना लॅम्बटन माहीत नव्हता याची मला फार चुटपुट लागते. या गोष्टीने ते रात्रभर जागले असते.

गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात 1997 पासून तारांगण आहे, तिथेही गेलो. घुमटाखाली अंधार पडला तेव्हा मी आधी उत्तर शोधली आणि बसल्या जागी हात लांब केला. शेजारच्या मुलाने विचारलं, “काका, काय मोजून राहिले?” त्याला मूठ आवळायला सांगितली. निवेदन सुरू होईपर्यंत आमच्या रांगेत चार-पाच हात वर होते आणि ध्रुव दोन भरतो की अडीच, यावर त्यांचं भांडण जुंपलं होतं.