कुणी न लावलेली बाग

तळ्याकाठचं घर, घराभोवती बाग आणि पाहुण्याच्या डोक्यावर घटकेत पालटणारं आभाळ हे चित्र आपल्या मनात बसलं ते बहुतेक इंग्रजी कादंबऱ्यांमुळे. त्यात मालक एकच असतो आणि सगळं त्याच्या कुंपणाच्या आत असतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीला घर आहे, बाग आहे, तळंही आहे. फक्त ती एका जागी नाहीत. घर गावात, म्हणजे वनखात्याचं विश्रामगृह. बाग भामरागडच्या रस्त्याला सोळा किलोमीटरवर. तळं सिरोंच्याच्या वाटेवर रेपनपल्लीहून आत वळल्यावर लागणाऱ्या कमलापुरात. मालक मात्र इथेही एकच, वनखातं. बागेतून तळ्यावर जायचं तर पुन्हा घरावरूनच मागे यावं लागतं, आणि मधल्या रस्त्याची हालत बघता कुठला पाहुणा कधी पोचेल ते पाऊसच ठरवतो.

मी गेलो ते ऑगस्टात. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडताना ऊन होतं. नदी गढूळ, काठोकाठ आणि घाईत होती. इथून थोडं खाली चपराळ्याला ती वर्धेला मिळते आणि मग दोघींची मिळून प्राणहिता होते. पूल संपतो न संपतो तोच आभाळ काळवंडलं, पाऊस आला, काचेवरचं फडकं फिरवून होईपर्यंत थांबलाही. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. रोवणे आटोपत आलेले. जिथे राहिले होते तिथे बाया वाकून परे लावत होत्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. ऊन आलं तरी कुणी ती काढत नव्हतं. या भागातला माणूस ऑगस्टातल्या उन्हावर फार विश्वास ठेवत नाही.

रस्त्यावर विश्वास ठेवण्यासारखं तर काहीच नव्हतं. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज घेऊन ट्रक एकामागून एक येत होते. कोरड्या दिवसांत त्यांची लाल धूळ झाडांवर बसते, पावसात तिचा चिखल होऊन रस्त्यावर येतो. आलापल्लीच्या चौकात उभं राहिलं की चहाच्या टपरीवर तेलुगू, माडिया, झाडीपट्टीची मराठी आणि मुलचेऱ्याकडच्या वस्त्यांतली बंगाली एकाच वेळी कानावर पडते, आणि या सगळ्यांच्या वर ट्रकांचा हॉर्न. जंगलाच्या शांततेच्या शोधात येणाऱ्याने हा चौक आधी मनात धरून ठेवावा. शांतता आहे, पण ती चौक ओलांडल्यावर.

विश्रामगृहाच्या आवारात शिरलो आणि गजबज मागे पडली. अशी घरं गोऱ्या साहेबांच्या दौऱ्यांसाठी उभी राहिली, मग देशी साहेबांनी ती तशीच वापरली. उंच छत, रुंद व्हरांडा, पाठ टेकली की पुन्हा उठावंसं न वाटणारी खुर्ची. हे सगळं निवांतपणासाठी असावं असं वाटतं खरं, पण या घराचा जन्म हिशेबातून झाला आहे. इथे बसून साहेब लोक कुपांचे, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे, नकाशे बघत, ओंडक्यांच्या गोलाईचे आकडे तपासत, कुठल्या लॉटला लिलावात काय भाव आला ते विचारत. गावातली इंग्रजांच्या काळातली सरकारी आरागिरणी आणि लाकडाचे डेपो हे या घराचेच सख्खे भाऊ. आलापल्ली म्हणजे सागवान, हे समीकरण आजही सुटलेलं नाही. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या डेपोतून सागवानाची खेप वाजतगाजत निघाली, ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलीच.

सागाचं जगाला एवढं वेड का, याचं उत्तर त्याच्या अंगातल्या तेलात आहे. वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही, पाण्यात ते लवकर कुजत नाही. मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये मलबारच्या सागाची ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधली गेली, ती इंग्लंडातल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. ज्या साम्राज्याची जहाजं अशी सागावर चालत होती त्याला मध्य प्रांतातली ही जंगलं म्हणजे न फोडलेली तिजोरी वाटली असणार. 1864 मध्ये वनखातं स्थापन झालं, 1878 मध्ये कडक कायदा आला. झाडावर हातोड्याचा शिक्का बसला, तसाच तो जंगलात राहणाऱ्या माणसाच्या हक्कावरही बसला. व्हरांड्यात बसून चहा पिताना हे सारखं आठवत राहतं असं नाही, पण ते विसरून इथे बसलं तर ही जागा आपल्याला फक्त अर्धीच दिसते.

संध्याकाळी पुन्हा पाऊस. आवारातल्या सागांवर तो पडायला लागला तेव्हा कौलांवरच्या आवाजापेक्षा पानांचा आवाज मोठा होता. सागाचं पान सुपाएवढं. थेंब त्यावर आपटतो, मग तिथून खालच्या पानावर घरंगळतो, तिथून आणखी खाली. त्यामुळे वरचा पाऊस थांबला तरी झाडातला पाऊस बराच वेळ चालू राहतो. मी चौकीदाराला म्हटलं, झड लागली वाटतं. तो हसला. म्हणाला, ‘‘हे काई झड नोहे, भाऊ. झड लागली म्हंजे तुमाले सांगा लागत नाही.’’ जेवणात त्याने वास्त्यांची भाजी वाढली, बांबूच्या कोवळ्या कोंबांची, किंचित कडसर. टेकोडे मिळाले तर उद्या करतो म्हणाला. वारुळावर उगवणाऱ्या या अळिंब्यांना वीज कडाडल्याशिवाय जाग येत नाही, असं इकडे मानतात.

सकाळी बाग बघायला निघालो. तिचं कागदावरचं नाव ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’, आणि इकडचा शाळकरी मुलगाही ते ‘ग्लोरी’ एवढंच म्हणतो. क्षेत्र फक्त 6 हेक्टर. 1953 पासून हा तुकडा कुऱ्हाडीपासून राखून ठेवलेला आहे. तेव्हा हा भाग चांदा जिल्ह्यात होता, तो जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. पुढे 2014 मध्ये जैवविविधता कायद्याखाली त्याला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलंच.

आत शिरताना ऊन होतं, दहा पावलांवर ते संपलं. वर आभाळ निळं असलं तरी खाली पोचणारा उजेड हिरवट आणि जुना वाटतो. रोपवनातला साग आपण पुष्कळदा बघितलेला असतो, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखा, एका उंचीचा, एका अंतरावर. इथला साग तसा नाही. एखादं झाड इतकं सरळ वर गेलेलं की शेंडा बघताना मान दुखते, आणि त्याच्या शेजारचं वाकडं, पोटात ढोली असलेलं, लिलावात कुणी ढुंकूनही पाहणार नाही असं. दोघांनाही इथे सारखाच मान. शेंड्यांवर फुलोरा आलेला होता, बारीक पांढरट फुलांचे मोठमोठे घोस. ते खालून नीट दिसत नाहीत, वाऱ्याने खाली सांडलेली फुलं सांगतात. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन, साल खरवडली तर रक्तासारखा लाल डिंक गाळणारा बिजा, मोह, तेंदू, आणि झाडांवरून झाडांवर गेलेली, मांडीएवढ्या जाडीची माहूलवेल. पडलेलं झाड पडलंय तिथेच आहे. त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर अळिंबी, अळिंबीवर कसलेसे चिमुकले किडे. बाजारात ज्या लाकडाचा घनफुटाने हिशेब होतो ते इथे निवांत कुजतं आहे, ही मला या जागेची सगळ्यात मोठी चैन वाटली.

वरून करकरीत आवाज आला. शेकरू असावं. बराच वेळ बघूनही दिसलं नाही, फक्त एक फांदी हलत राहिली. तेवढ्यात पाऊस आला. आला म्हणजे त्याचा आवाज आला, अंगावर थेंब पडायला बराच वेळ गेला. आणि तो पडायला लागला तेव्हा बाहेर रस्त्यावर पुन्हा ऊन पडलं होतं, खोडांच्या फटींतून लख्ख दिसत होतं. ओलं एक कोवळं पान हातात चोळलं तर तळवा लालभडक झाला. हा रंग लवकर जात नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडात लॅन्सलॉट ब्राऊन नावाचा माळी होऊन गेला. उमरावांच्या आवारात तो जंगल वाटेल अशी बाग लावून द्यायचा. ब्लेनहाइमच्या राजवाड्यासमोर त्याने ग्लाइम नदीला बांध घालून तळं केलं, टेकाडं घडवली, झाडांचे पुंजके असे बेतले की हे सगळं आपोआप झालंय असं बघणाऱ्याला वाटावं. त्याची कमाल आहेच. आलापल्लीच्या या तुकड्यात कारागिरी त्याच्या बरोबर उलटी. इथे कुणी काही लावलं नाही. भोवतीचं जंगल कुपा-कुपाने तोडलं जात असताना कुणीतरी एवढ्यापुरता हात आखडला. ज्या खात्याचं पोट सागाच्या लिलावावर भरत होतं त्याच्याच आत असं वाटणारं कुणी निघालं, याचं मला कौतुक आहे. आणि कौतुक करता करता मन विचारतंच, सहाच हेक्टर? सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर. आमच्याकडे बऱ्यापैकी शेतकऱ्याचं वावरसुद्धा याहून मोठं असतं.

कमलापूरचं तळं बघायला दुपारी निघालो तेव्हा धुकं होतं. दुपारी धुकं कसलं, पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफ सोडत होती. राज्यातला सरकारी हत्ती कॅम्प या तळ्याकाठीच आहे. इथल्या हत्तींचं पूर्वीचं काम ओंडके ओढण्याचं. यंत्रं आली, तोड कमी झाली आणि काम गेलं. हत्ती राहिले, त्यांची पिल्लं झाली, माहूत आणि चाराकटर ही सरकारी पदंही राहिली. आता तळ्यात आंघोळ करणं आणि आलेल्या लोकांना दिसणं हेच त्यांचं काम. जानेवारीत त्यांना दहा दिवसांची वैद्यकीय रजा मिळते. त्या दिवसांत त्यांच्या पायांना जडीबुटीच्या तेलाचा शेक देतात, त्याला इथे चोपिंग म्हणतात. सरकारी नोकरीत पायाला शेक मिळणारे हे बहुधा एकमेव कर्मचारी.

तळं काही मोठं नाही. काठाला गवत, पलीकडे जंगल, पाण्यावर सरीचे ठिपके. एक हत्तीण पाण्यात कुशीवर पडली होती आणि माहूत तिच्या कानामागे दगडाने घासत होता. पाऊस वाढला तशी ती उठलीही नाही, माहूतही थांबला नाही. 2022 मध्ये हे हत्ती गुजरातेत हलवण्याची हालचाल झाली होती. आसपासची गावं आणि जिल्ह्यातले लोक उठले, निवेदनं गेली, आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले.

या मुलखात खरंतर एक फार मोठं तळं व्हायचं होतं. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणं आखली होती. ती झाली असती तर माडिया गावं आणि त्यांच्याभोवतीचं जंगल पाण्याखाली गेलं असतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाबा आमट्यांसह अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, गावं एकत्र आली, धरणं मागे पडली. त्याआधी शंभर वर्षं इंग्रजांनीही गोदावरी-प्राणहितेतून बोटी नेण्यासाठी बांध-कालव्यांची योजना काढली होती, नागपूरकडचा कापूस समुद्राला नेण्यासाठी. तिचा एक टप्पा इथेच अहेरीजवळ देवलमरीला होता. 1871 मध्ये ते काम सोडून दिलं. आणि जे झालं त्याची गोष्टही ताजी आहे. तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा 2019 च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत पाणी शिरलं. 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. पाणी सोडून द्यावं लागलं, पण शेतकऱ्यांचं भरपाईसाठीचं भांडण काही वाहून गेलं नाही.

तेव्हा माझं मत असं झालं आहे की या जिल्ह्यात बघण्यासारखं जे उरलंय, ते करण्यापेक्षा न करण्यामुळे उरलंय. न तोडलेला साग, न बांधलेलं धरण, न हलवलेले हत्ती. यातलं पहिलं सरकारने केलं, उरलेली दोन लोकांनी भाग पाडून करवून घेतली. आज सूरजागडच्या डोंगराबद्दल असा एखादा तुकडा आधीच राखून ठेवण्याची बुद्धी कुणाला होते का, हे विचारायची वेळ आता आहे. डोंगर उतरल्यावर नाही.

यायचं असेल तर पावसाळ्यातच या, उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो आणि ग्लोरीचा अर्धा दिमाख जमिनीवर वाळून पडलेला असतो. विश्रामगृहासाठी वनविभागाकडे आधी विचारा. पुढे हेमलकसा, भामरागडला जाणार असाल तर आलापल्लीच्या चौकात नद्यांची चौकशी करूनच निघा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तो कधी उघडेल हे आलापल्लीत कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.