बासरी आणि पियानो : ऐकण्याचा एक धडा



भाषा शिकवताना आपण चार कौशल्यं सांगतो : श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन. यादीत श्रवण पहिलं, पण तासिकेत त्याचा नंबर शेवटचा. लेखनाला गुण आहेत, वाचनाला गुण आहेत, वक्तृत्वाला ढाल आहे. नीट ऐकणाऱ्या मुलाला बक्षीस मिळालेलं मी अजून पाहिलेलं नाही. "लक्ष द्या रे" असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलांना दाखवायचं कसं? याचं एक उत्तर मला एका मैफलीत सापडलं. संगीतही आपल्या रोजच्या कानाचं नव्हतं.

माझी भाची मुंबईत पियानो शिकते. "मावशी, तू चलच," असं म्हणून तिने मला गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला नेलं. रंगमंचावर दोनच माणसं होती, एक बासरीवादक आणि एक पियानोवादक. माइक नाही, निवेदन नाही. ही बासरी आपल्या बांबूच्या बासरीसारखी नव्हे. ती धातूची असते आणि तिच्यावर चाव्यांची रांग असते. जर्मनीतल्या म्युनिक शहरातला थिओबाल्ड बोहम हा सोनाराच्या घरातला कारागीर आणि स्वतः उत्तम वादक. त्याने १८४७ मध्ये या बासरीला जे रूप दिलं, तेच थोड्याफार फरकाने आज जगभर वाजवलं जातं. पियानो तिच्याहून वेगळाच. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास तो घडवला. हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी वाजणारं वाद्य म्हणून त्याचं नाव पडलं.

या दोघांचे स्वभाव पाहा. बासरीचा स्वर श्वासावर जगतो. श्वास असेपर्यंत तो लांबवता येतो, फुलवता येतो. पियानोचा स्वर हातोडी तारेवर पडली की लगेच विरायला लागतो. बासरी एका वेळी एकच स्वर काढते, तर पियानो दहा बोटांनी दहा स्वर काढू शकतो. तो जोरात वाजला तर बासरी सहज झाकून टाकेल. म्हणजे वर्गातल्या एका बाकावर एक हळू बोलणारी मुलगी आणि एक दणदणीत आवाजाचा मुलगा बसवावा, तशी ही जोडी!

मग जमतं कसं? सुरुवातीलाच त्याची चुणूक मिळाली. पियानोवादकाने एक स्वर दिला आणि बासरीवादकाने बासरीचा वरचा तुकडा किंचित आतबाहेर सरकवून आपला स्वर त्याला जुळवला. पियानो वाजता वाजता आपला स्वर बदलू शकत नाही. त्यामुळे बासरी श्वासाने गरम होऊन चढू लागली की सांभाळून घ्यायचं ते बासरीवाल्यानेच. उलट बासरीवाल्याला श्वास लागतो. वाक्य संपलं की तो क्षणभर थांबणार. ते ओळखून पियानोवाल्याने तेवढी जागा सोडायची. भाची कानात म्हणाली, "मावशी, त्या काकांचे खांदे बघ." खरंच, बासरीवादकाने श्वास घेताना खांदे जरा उचलले की पियानोवादकाची बोटं पट्ट्यांवर तयार असायची. कोणी कोणाला एक, दोन, तीन म्हणत नव्हतं.

पहिली रचना बाखची, १७३६ च्या सुमाराची. ती मुळात बासरी आणि हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली, पण आज ती पियानोवरही वाजवतात. आपल्याकडे गायकाला पेटीची साथ असते. पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो आणि गायक थांबला की जागा भरून काढतो. इथे तसं नव्हतं. एकच विचार आधी बासरीने मांडावा, मग तोच पियानोने उचलावा, आणि तेव्हा बासरीने बाजूला होऊन दुसरं काहीतरी म्हणावं. पेटीला मराठीत 'संवादिनी' म्हणतात, तो शब्द मला तिथे नव्याने कळला.

दुसरी रचना गाब्रिएल फोरे यांची. आपल्याला गंमत वाटेल, ती चक्क परीक्षेसाठी लिहिलेली आहे! पॅरिसच्या संगीत विद्यालयातल्या बासरीच्या परीक्षेसाठी त्यांनी ती १८९८ मध्ये रचली. आधीचा भाग संथ, त्यात विद्यार्थ्याचा श्वास आणि स्वर दिसतो. पुढचा वेगवान, त्यात बोटं दिसतात. आज सव्वाशे वर्षांनंतरही लोक ही प्रश्नपत्रिका तिकीट काढून ऐकतात. परीक्षा अशीही असू शकते!

शेवटी फ्रान्सिस पुलांक यांचा सोनाटा होता. तो पहिल्यांदा जून १९५७ मध्ये स्ट्रासबर्गच्या संगीत महोत्सवात वाजला. बासरीवर झाँ-पिएर राम्पाल आणि पियानोवर स्वतः पुलांक होते. पण त्याच्या आदल्या दिवशीही दोघांनी तो वाजवला होता, फक्त एका श्रोत्यासाठी. तो श्रोता म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन. त्यांना दुसऱ्या दिवशी थांबता येणार नव्हतं. एका ऐकणाऱ्यासाठी दोन मोठे कलावंत वाद्यं घेऊन बसतात, ही ऐकण्याची किंमत.

या सोनाटाचे तीन भाग आहेत. दोन भागांच्या मधे कोणी टाळी वाजवली नाही. आपल्या मैफलीत समेवर 'वा!' येते, ती आपली दाद. इथली दाद म्हणजे शेवटपर्यंत शांत बसणं. दोन्हीकडे कान जागाच लागतो.

शाळा सुरू झाल्यावर मी आठवीच्या वर्गात याच सोनाटाचा मधला संथ भाग ऐकवला. तो साधारण चार मिनिटांचा आहे. मुलांना एवढंच सांगितलं, "डोळे मिटा. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय, ते ओळखा." पहिल्या मिनिटाला खुसखुस झाली, मग वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, बासरी बोलते तेव्हा पियानो 'हं, हं' म्हणतो." मी इतकी पुस्तकं वाचून हे इतक्या सोप्या शब्दांत सांगू शकले नसते.

मग जोड्या केल्या. एकाने दोन मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्याने मधे न बोलता ऐकायचं. नंतर ऐकणाऱ्याने उभं राहून ते वर्गाला सांगायचं, तेही आधी जोडीदाराला विचारून. वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी आहे. तिच्या मैत्रिणीने उभं राहून सांगितलं, "बाई, ही पहाटे चारला उठून आईबरोबर भाजी मंडईत जाते. मग शाळेत येते. म्हणून तिला पहिल्या तासाला झोप येते." तीन वर्षं दोघी एका बाकावर बसतात. त्या मैत्रिणीला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण आजवर कोणी दोन मिनिटं थांबून विचारलंच नव्हतं. आता ती पहिल्या तासाची वही तिच्यासाठी पूर्ण करून ठेवते. हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "बाई, याचा मार्कांना काय उपयोग?" प्रश्न चुकीचा नाही. मी म्हटलं, "जो प्रश्न शेवटपर्यंत ऐकतो, त्याचं उत्तर कमी चुकतं. आणि दादा, आज घरी जाऊन मुलाचं म्हणणं दोन मिनिटं मधे न बोलता ऐका. मग मला सांगा."

पुढच्या आठवड्यात ते शाळेच्या फाटकापाशी थांबले होते. म्हणाले, "बाई, दोन मिनिटं फार मोठी असतात हो." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगं बरंच काही सांगत होतं."

तुमच्या वर्गातही हे करून पाहा. पियानो नको, बासरी नको, मोबाइलवरचं कोणतंही दोन वाद्यांचं संगीत चालेल. आधी चार मिनिटं संगीत, मग दोन-दोन मिनिटं माणसं. मुलं काय म्हणाली, ते मला जरूर कळवा. मी ऐकते आहे.