पाठीची माती

हरलेला पैलवान बोलू लागला की मी कान देऊन ऐकतो. जिंकलेल्याचं बोलणं सगळीकडे सारखंच असतं. गुरूंची कृपा, मारुतीरायाची कृपा, आईबापांचे आशीर्वाद, संपलं! हरलेल्याच्या बोलण्यात मात्र माणूस भेटतो. आमच्या जालना जिल्ह्यात चैत्राच्या सुमारास जत्रांचा हंगाम आला की रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पाच-पन्नास माणसं तरी चितपट होतात, आणि प्रत्येकाजवळ आपल्या हरण्याचं एक सुरेख कारण तयार असतं. माती सैल होती. पंच त्यांच्या पाहुण्यातला होता. डोळ्यांत गुलाल गेला. एका गृहस्थाने तर मला सांगितलं की, समोरच्याच्या अंगाला घाम फार होता, म्हणून किळस येऊन मीच त्याला सोडून दिला!

हे सगळं तो अगदी मनापासून सांगत असतो, आणि तो सांगत असताना त्याच्या पाठीला माती चिकटलेली असते. ती भोवतालच्या हजार माणसांना दिसते, त्याला तेवढी दिसत नाही. स्वतःची पाठ पाहायची सोय देवाने माणसाला ठेवलेली नाही. देशालाही बहुधा ठेवलेली नसावी.

दर चार वर्षांनी ऑलिंपिकचे सामने होतात आणि दर चार वर्षांनी आपल्याकडे पानाच्या ठेल्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो: एवढा मोठा देश, मग पदकं एवढीच का? २०२४ साली पॅरिसला आपल्याला सहा पदकं मिळाली, आणि सहा वेळा आपण चौथे आलो. चौथा नंबर फार वाईट. पाचव्याला झोप लागते, चौथ्याला लागत नाही. १९६० साली रोमला मिल्खा सिंग चौथे आले आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या आल्या. त्या दोन शर्यतींबद्दल आम्ही अजून असे हळहळतो, की जणू त्या काल संध्याकाळी झाल्या. हळहळण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण हळहळ संपल्यावर काय करायचं, हा प्रश्न आला की आम्ही दिवाळीच्या खरेदीला निघून जातो.

तुम्ही म्हणाल, पदकांवरून का कुठे देशाची परीक्षा करायची असते? मलाही तसंच वाटतं. पदकं मिळाली नाहीत म्हणून कुणाच्या शेतातलं पीक कमी येत नाही. हरणं हा दोष नव्हेच. दोन जण लढले की एक हरणारच. पण आपण कसे हरतो आणि हरल्यावर काय बोलतो, यात आपला स्वभाव उघडा पडतो. खेळाचं मैदान ही एकच जागा अशी आहे की जिथे निकाल संध्याकाळपर्यंत लागतो. कचेरीतल्या कामाचा निकाल लागायला पिढ्या जातात, म्हणून तिथल्या पाठीची माती कुणाला दिसत नाही, एवढंच.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आमच्या जालन्यात झाल्या. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या जांब गावी झाला, ते याच जिल्ह्यात. त्यामुळे बलोपासना म्हणजे आमच्या घरचीच गोष्ट, असं आम्हां मंडळींना उगीचच वाटत असतं. बुलढाण्याकडून लढणाऱ्या बाला रफिक शेखने अभिजित कटकेवर मात करून गदा खांद्यावर घेतली, तेव्हा गाव लोटलं होतं. या स्पर्धेत एक विभाग मातीचा असतो आणि दुसरा गादीचा, आणि दोन्हींचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. माझ्याशेजारी एक वस्ताद बसले होते. त्यांना गादी पसंत नव्हती. “गादी झोपायला असती, मास्तर,” ते मला म्हणाले, “कुस्ती मातीतच.” बोलणं मोठं गोड होतं. पण ऑलिंपिकमधली कुस्ती गादीवर होते, हेही तितकंच खरं होतं.

याच गोडपणाने आपली हॉकी बुडवली. १९७५ साली क्वालालंपूरला, हिरवळीवर, पाकिस्तानला २-१ असं हरवून आपण जगज्जेते झालो. दुसऱ्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि १९२८ पासून कधी पदकावाचून परत न आलेला आपला संघ सातवा आला. आम्ही म्हणालो, हा पाश्चात्त्यांचा कावा आहे. आमचं कौशल्य त्यांना सोसवलं नाही, म्हणून त्यांनी मैदानच बदललं. यात थोडं तथ्य नसेलच असं नाही. परंतु नियम बदलला तर दुसऱ्या दिवसापासून नव्या नियमाचा सराव करायचा, हाही एक मार्ग असतो. तो आम्हांला पुष्कळ उशिरा सुचला. १९८० साली मॉस्कोला अनेक बलाढ्य देश आले नव्हते, तिथे सुवर्णपदक मिळालं, आणि मग तर काही बदलायला हवं असं वाटण्याचं कारणच उरलं नाही. २००८ साली बीजिंगच्या दारातूनच आपण परतलो. त्यानंतर नेट धरला, तेव्हा कुठे टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन कांस्यपदकं आली. अन्याय झाला असं म्हणण्यात एक सोय असते: मग आपल्याला काही करावं लागत नाही.

पण आपल्या स्वभावाचा खरा आरसा पाहायचा असेल, तर खाशाबा जाधवांची हकिकत आठवावी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचं, तर जवळ पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीशी लांबलेली झुंज हरल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावण्यात आलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण पंचांपुढे जाऊन तसं म्हणायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असं ती हकिकत सांगणारे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. शंभरावर बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली.

आता या गोष्टीत गहाण पडलेलं घर कुणाचं? एका शिक्षकाचं. गाड्या कुणाच्या? शेतकऱ्यांच्या. ज्यांनी जागेवर असायला हवं होतं, ते तेवढे नव्हते! आपल्या देशात माणसं थोर असतात, व्यवस्था गैरहजर असते. आणि तिची उणीव माणसं आपली घरंदारं गहाण टाकून भरून काढतात. मग आपण त्या त्यागाची गोष्ट शाळेत सांगतो आणि मुलांचे डोळे ओले करतो. घर गहाण टाकायची पाळी पुन्हा कुणावर येऊ नये, असं मात्र त्या गोष्टीचं तात्पर्य आपण काढत नाही. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला ४४ वर्षं थांबावं लागलं. ते १९९६ साली लिअँडर पेसने आणलं. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो त्यानंतर.

देश गरीब होता, हे कारण मी पुष्कळदा ऐकलं आहे. पण जमैका हे आपल्या एखाद्या मोठ्या शहराहून कमी वस्तीचं बेट, काही कुबेराचं नव्हे. तिथे १९१० साली शाळांच्या धावण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. आजही त्या पाहायला, आपल्याकडे क्रिकेटला लोटतो तसा, सारा देश लोटतो. त्या गर्दीतून जगातले सर्वांत वेगवान धावपटू निघतात. आणि आपल्याकडेही जिथे सातत्य राहिलं तिथे फळ आलंच की! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला, आणि २०२४ साली पॅरिसहून त्याने कांस्यपदक आणलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक पदक ते. उलट शेजारच्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे धावू शकतो, हे जगाला कळलं ते तो लष्करात भरती झाल्यावर. शाळा-कॉलेजातली इतकी वर्षं तो आमच्याच रस्त्यांवरून चालत होता.

आमच्या जालन्याचा विजय झोल २०११ साली एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात नाबाद ४५१ धावा करून आला, तेव्हा तो लहानपणी आपल्याच गल्लीत खेळायचा, असं सांगणाऱ्यांची संख्याही साडेचारशेच्या घरात गेली असावी. त्या मुलांना आता खेळायला जागा कुठे आहे, असं विचारणारा मला एकही भेटला नाही.

हे सारं मी इतकं मनावर का घेतो, तेही सांगतो. माझ्या पुतण्याची थोरली मुलगी धावते. घनसावंगीच्या बाजूला त्यांचं शेत आहे. पहाटे उसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत ती डांबरी रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर पळून येते, कारण गावातलं मैदान लग्नाच्या मांडवांनी आणि पावसाळ्यात चिखलाने अडलेलं असतं. गेल्या वर्षी एका स्पर्धेला मी तिच्याबरोबर गेलो होतो. शर्यत सकाळी आठची. मुली साडेसहापासून तयार. पाहुणे आले दहाला. मग दीपप्रज्वलन, हारतुरे, ईशस्तवन, चार भाषणं. भाषणांत खिलाडूवृत्तीचं महत्त्व फार सुंदर सांगितलं गेलं. पाहुण्यांवर मांडव होता, मुलींवर ऊन होतं. शर्यत सुटली तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि ती चौथी आली.

घरी आल्यावर पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, पळून पळून काय भेटतंय हो पोरीला? एक स्थळ आलंय परतूरकडलं. बरं हाय.”

मी त्याला काय सांगणार? जमैकाची गोष्ट सांगू? त्याचा कापूस त्या वर्षी पावसात भिजलेला. तो वाईट बाप नव्हे. तो हिशेबी बाप आहे. त्याच्या मुलीच्या पायांत किती बळ आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तिच्या मागे कोण उभं आहे हेही. खाशाबांमागे निदान एक प्राचार्य होते. देशाचे दोष वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. पण ते दोष शेवटी येऊन बसतात ते असे एखाद्या ओसरीवर, आणि एका मुलीचं एक वर्ष मागतात.

मी त्याच्याकडे ते एक वर्ष मागून घेतलं. “एकच वरीस, काका,” तो म्हणाला, आणि आत जाऊन स्थळाला कळवून आला.

त्यानंतर मी आणि दोघे निवृत्त शिक्षक गावाकडे गेलो. पुतण्याने मळ्याकडेची पडीक जमीन दाखवली. दगड वेचले, टेप धरून मोजलं, चुन्याची फक्की ओढली. चारशे मीटरचा फेरा काही बसेना. तीनशे वीस भरला. तिघांत मिळून एक शिट्टी आणि एक जुनं घड्याळ आहे. शर्यत सहाला म्हणजे सहाला सुटते. हार, भाषण, पाहुणा काही नाही. पहिल्या दिवशी ती एकटीच होती. आता अकरा पोरं येतात, त्यांतल्या सात मुली. त्यांच्यातून ऑलिंपिकला कुणी जाईल, असं मी मुळीच म्हणत नाही. पावसाने फक्की दर आठवड्याला धुऊन जाते आणि ती पुन्हा ओढावी लागते, इतकंच सध्या आमचं क्रीडाधोरण आहे.

वर्षातले सात महिने संपले आहेत. परवा तिने मागल्या वेळेपेक्षा चार सेकंद कमी घेतले. पुतण्या बांधावर उभा होता. बोलला काहीच नाही, पण घड्याळ मात्र माझ्या हातातून घेऊन त्याने दोनदा नीट पाहिलं.